मांडीवर दिलेलं पोर

व्हिएन्नाच्या विमानतळावर आईसाठी मी व्हीलचेअर मागवली होती. आईला चालता येत होतं. वसईजवळच्या आमच्या उमेळ्याच्या वाडीतून ती तेव्हाही केळ्यांचा घड खांद्यावर टाकून घरापर्यंत आणायची. पण मध्ये विमान बदलायचं होतं, पाट्या तिला वाचता येणार नव्हत्या, चुकली तर कोण शोधणार, म्हणून आईबापांना एकटं पाठवणारे सगळेच करतात तसं मी केलं. खुर्ची आली, ढकलणारा माणूस आला. आईने खुर्चीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"मना काय झालंय?" तिने विचारलं.

"काही नाही गं. लवकर नेतात, बस."

ती बसली. पिशवी मांडीवर घेतली, पदर खांद्यावरून पुढे ओढला आणि चार वर्षांच्या रेवाच्या गालावरून हात फिरवला. रेवाने "आजी नको जाऊ" म्हणून जो सूर धरला, तो खुर्ची काचेच्या दारापलीकडे जाईपर्यंत सुटला नाही. धाकटा अर्णव बाबागाडीत झोपला होता. मी गाडीच्या ब्रेकवर पाय ठेवून उभी होते. आई तीन महिन्यांसाठी आली होती आणि निम्मा मुक्कामही व्हायच्या आत परत चालली होती. जाताना मला म्हणाली, "पोरांना टोप्या घाल." मागे वळून मात्र तिने फक्त रेवाकडे बघितलं.

गावात आजही बोललं जातं की घाटावरच्या जावयाने सासूला परत धाडलं. त्याबद्दलच लिहायला बसले आहे. इतकी वर्षं मी या विषयावर गप्प होते. मी तशीही कमी बोलणारी, त्यामुळे माझं गप्प बसणं कोणाला खटकलं नाही.

मी स्वतः उमेळ्याहून निघाले तेव्हा सगळी आळी दारात होती. आमच्याकडे परदेशी जाणारी मी पहिलीच मुलगी. माझा नवरा मकरंद, त्याचे वडील साताऱ्याकडचे, नोकरीनिमित्त वसईत फ्लॅट घेऊन राहिलेले. आम्ही खाडीकाठचे, भातशेती आणि भाजीवाले. कॉलेजात जमलं, घरच्यांनी थोडी कुरकुर करून लावून दिलं. "घाटी जावई मासे तरी खातो काय?" एवढीच आमच्या आत्याची अट होती. त्याने लग्नाआधीच आमच्या ओटीवर बसून बोंबलाचं कालवण दोनदा मागून घेतलं, आणि पोरगा पास झाला. मग त्याला व्हिएन्नात काम मिळालं. निघताना आईने मला मिठी वगैरे मारली नाही, आमच्यात तशी पद्धत नाही. म्हणाली, "जा. पन पोर झालं की मना बोलव. तिथं तुझं कोन हाय?"

खरंच कोणी नव्हतं. रेवा झाली तेव्हा आईच्या व्हिसाचं जमलं नाही. थंडीच्या दिवसांत त्या पोरीला घेऊन मी शहर शिकले. युरोपातल्या शहरात लहान मूल घेऊन फिरणं सोपं असतं, असं इकडून फोटो बघणाऱ्यांना वाटतं. रस्ते सपाट, बाग प्रत्येक वळणावर, लहान मुलांना तिकीट नाही. सगळं खरं आहे. पण तिथे आईने मूल घेऊन जायचं नसतं, बाबागाडी घेऊन जायचं असतं. मूल गाडीत, गाडी ट्रामच्या ठरलेल्या दारातून आत, ठरलेल्या कोपऱ्यात, चाकाला ब्रेक, आणि एक हात दांड्यावर. भुयारी रेल्वेची लिफ्ट फलाटाच्या कुठल्या टोकाला आहे हे आधी माहीत हवं, नाहीतर सगळा फलाट चालायचा. लिफ्ट बंद असली तर जिन्यापाशी उभं राहायचं. कोणीतरी येतं, पुढची चाकं उचलतं, वर पोचवतं आणि "बिटे", म्हणजे असू दे, म्हणून निघून जातं. माझ्या तोंडाकडे बघतसुद्धा नाही. मदत मिळते, हे नाकारणार नाही. पण त्या सगळ्या वर्षांत कोणी मुलाला हात लावला नाही. मीही मग दुसऱ्याच्या मुलाला हात लावायचं विसरले.

तुमच्यापैकी जे इथून गेलेत, त्यांना हे कळेल. आपण वसईत असं वाढलो नव्हतो. स्टेशनवरून गावाकडे येणाऱ्या बसमध्ये उभ्या बाईच्या कडेवर पोर असलं, की बसलेली बाई न बोलता हात पुढे करायची. "दे इकडं." पोर मांडीवर जायचं, आई मोकळी व्हायची, उतरताना पोर परत घ्यायचं. ओळख नसली तरी चालायचं. मी अशी कितीतरी मांड्यांवर बसून वाढले आहे. पाचूबंदरच्या एका मासळीवाल्या मावशीच्या मांडीवर झोप लागली होती, तर आईने आमचा थांबा येईपर्यंत उठवलंच नाही, घरी आल्यावर माझ्या फ्रॉकला मासळीचा वास, आणि आजी म्हणे, "ही काय बाजारातून आनलीस?"

अर्णव वर्षाचा होत आला, माझी रजा संपली, आणि या खेपेला आईला व्हिसा मिळाला. ती आली तेव्हा सामानात सुकट, कुळीथ, घरचं खोबरेल आणि एक मऊ जुनं लुगडं. बाबागाडीभोवती एकदा फिरली. म्हणाली, "पोराला हातगाडीवर घालून काय भाजी विकायला नेतेस?"

मकरंद हसून हसून खाली बसला. मीही हसले, खोटं कशाला बोलू. त्या घरात आमच्या लग्नानंतर इतकं हसू कधी झालं नव्हतं.

पण मला पहिल्या आठवड्यापासून काहीतरी टोचत होतं. आई फोनवर दादाशी बोलायची ते ट्राममध्ये सगळ्यांना ऐकू जायचं. ती "पानी" म्हणायची आणि रेवाही "पानी" म्हणायला लागली. मी कॉलेजात असताना मोठ्या कष्टाने सोडलेली भाषा माझ्या मुलीच्या तोंडी फुकट येऊन बसली. मी तिला दुरुस्त करायचे. आई ऐकत असायची. मकरंद म्हणायचा, "येऊ दे की. आजीची भाषा आहे." साताऱ्याच्या माणसाला ते सोपं होतं. त्याला त्या भाषेवरून कोणी हसलं नव्हतं.

दुपारी रेवाला किंडरगार्टनमधून आणायचं काम आईकडे आलं. अर्णव गाडीत, आणि ट्रामने थोडेच थांबे. पाट्या वाचता येत नसूनही तिने तो रस्ता दोन दिवसांत पाठ केला. पाववाल्याचं दुकान, मग चष्मेवाल्याचं, मग आपलं उतरायचं. व्हिएन्नाच्या म्हाताऱ्यांशी तिचं भाषेवाचून जमलं. तिथल्या आज्याही रस्त्यात थांबवून पोराला टोपी का नाही म्हणून आईबापांना झापतात. आईला ते इतकं पटलं की दोन म्हाताऱ्या अर्णवच्या कानांकडे बोट दाखवत जर्मनमध्ये बोलत होत्या आणि ही तिकडून मराठीत, "तेच सांगते मी हिला!"

तो दिवस साधाच होता. जुन्या पद्धतीची ट्राम आली, दाराला उंच पायऱ्या असलेली. तशा गाड्या तेव्हा अजून धावत होत्या. एरवी कोणी ना कोणी बाबागाडीला हात लावतं, त्या दिवशी दाराशी कोणी नव्हतं. मग आईने जे केलं ते आपल्याकडची कुठलीही बाई करेल. तिने आधी रेवाला वर चढवलं. दाराजवळच एक वयस्कर बाई बसली होती. आईने रेवाला उचलून तिच्या मांडीवर ठेवलं, मान हलवली, आणि अर्णवची बाबागाडी चढवायला खाली उतरली. दार मिटलं. ट्राम गेली.

आई रुळांच्या कडेने धावली. साडी, वरून माझा जुना कोट, पायात मकरंदने घेऊन दिलेले बूट, पुढे अर्णवची गाडी. पुढचा थांबा काही लांब नव्हता. त्या बाईने रेवाला घेऊन तिथे उतरून बाकावर बसकण मारली होती. रेवाच्या दप्तरावर माझा नंबर होता, तो बघून तिने मला फोन केला. मी ऑफिसातून टॅक्सी केली. त्या टॅक्सीत मला काय काय दिसलं ते लिहीत नाही. ज्यांना मुलं आहेत त्यांना सांगायला नको.

पोचले तेव्हा बाकावर तिघी ओळीने बसल्या होत्या. ती बाई, रेवा आणि आई. रेवा अर्धी आईच्या मांडीवर, अर्धी त्या बाईच्या. त्या बाईने पिशवीतून काढलेला गोड पाव सगळ्यांत वाटला होता, अर्णवच्या हातातही तुकडा होता. आई घामाने भिजली होती आणि हसत होती.

"बघ, मी बरोबर बाईकडं दिलं होतं," ती म्हणाली. "चांगली हाय. पोर घेऊन थांबली."

मी रेवासाठी हात पसरले. रेवाने माझ्याकडे बघितलं, आणि आजीच्या पदरात तोंड लपवलं.

मी त्या बाईची माफी मागितली. जर्मनमध्ये म्हटलं, माफ करा, ही खेड्यातली आहे, हिला काही कळत नाही. बाई म्हणाली, माफी कसली, आमची छान गट्टी जमली. मग आईकडे वळून तिने तिचा हात थोपटला. आई भाषा न कळताही समजली की मी काहीतरी बोलले आहे. तिचं हसू हळूहळू गेलं.

घरात आल्यावर मी बोलले ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. पोर पळवलं असतं तर. पोलीस आले असते तर. ही काय वसईची बस आहे? आई उभी राहून ऐकत होती, कोट अंगातच होता. शेवटी म्हणाली, "चुकलं माझं. पुढं नाय करनार." मी म्हटलं, "पुढे तू त्यांना घेऊन बाहेर जाणारच नाहीस."

संध्याकाळी मकरंद आला. मला वाटलं तो भडकेल, आणि मला ते हवंही होतं, म्हणजे बोलणारी मी एकटी राहिले नसते. तो सगळं ऐकून म्हणाला, "पोर सापडलं ना? आई धावली ना एवढं? मग सोड." आमचं त्यावरून भांडण झालं. मी म्हटलं, तिला परत पाठवू. तो म्हणाला, तुला वेड लागलंय. पुढचे काही दिवस आई मुलांना घेऊन खिडकीत बसली, खाली जाणाऱ्या ट्राम बघत. रेवा दाराशी जाऊन बूट घालायची, आणि आई तिला सांगायची, "आई आली की जाऊ हां." एका दुपारी मकरंद कामावर असताना मी तिकीट बदललं. त्याला नंतर सांगितलं. तो माझ्याशी किती दिवस बोलला नाही ते आठवत नाही, पण विमानतळावर तो आला नव्हता आणि आईने ते पाहिलं होतं. तो का आला नाही हे गावाने आपल्या परीने ठरवलं. तो आला नाही कारण त्याला लाज वाटत होती. स्वतःची नाही, माझी.

पोरांच्या सुरक्षेसाठी पाठवलं, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगितलं. ते खरं नाही. सुरक्षेचा प्रश्न त्या बाकावर संपला होता. तिथे उरलं होतं ते एवढंच, की माझ्या मुलीने माझे हात बघून आजीचा पदर धरला. परक्या शहरात एकटीने, लिफ्ट शोधत, ब्रेक लावत, मी ती पोर वाढवली होती. आणि ही बाई येते, पाट्या वाचत नाही, नियम पाळत नाही, मुलीला दुसऱ्याच्या मांडीवर टाकते, आणि तरी मुलगी तिची. ते मला सोसलं नाही. हे एवढं लिहायला मला अर्धं आयुष्य लागलं असं म्हणेन, तर ती नाटकी भाषा होईल. मला लाज वाटत होती म्हणून लागलं.

पुढे आई कधी आली नाही. बोलावलं तेव्हा गुडघे सांगितले, मग वाडी सांगितली. वाडी आता राहिली आहेच किती? अर्ध्यावर इमारत उभी आहे, तिच्या पार्किंगचा दिवा आमच्या मागच्या दारात पडतो. आम्हीच दर दोन वर्षांनी मे महिन्यात येतो. मकरंदला बघून ओटीवरची माणसं थोडी आवरून बसतात. कोणीतरी टोमणा मारतंच. "जावईबापू, सासूला नेता काय या खेपेस? का परत पाठवायचं भाडं परवडत नाय?" तो हसतो. एकदाही त्याने खरं सांगितलेलं नाही.

या वर्षी रेवा माझ्या खांद्याला लागली आहे. अर्णव अजून हात धरण्याच्या वयाचा आहे, जेमतेम. दादाची धाकटी वर्षाची, ती दिवसभर आईच्या कडेवर. आई तिला घेऊन रिक्षात बसते आणि शेजारणीच्या मांडीवर देते, देवळात जाते आणि पुजाऱ्याच्या बायकोकडे देते, ती पोर अर्ध्या उमेळ्याच्या मांड्या ओळखते. माझ्या मुलांशी आई गोड बोलते. पण रस्ता ओलांडायचा असला की ती दोन पावलं मागे थांबते, म्हणजे अर्णवचा हात मी धरावा.

एके दुपारी तिला गिरीजला मावशीकडे जायचं होतं. अर्णव मागे लागला, मीपण येतो. ती पडवीत पावसाळ्यासाठी सुकट निवडत बसली होती. म्हणाली, "आईला विचार. ती येत असंल तर चल."

मी म्हटलं, "तू ने ना त्याला. मी कशाला?"

"नको. मी एकटी नाय नेत."

अर्णव खेळायला पळाला. मी तिच्यासमोर बसले आणि सुकटीत हात घातला. माझी बोटं आता ते काम विसरली आहेत, मी मुंडकी ठेवून कोलंबी टाकत होते. म्हटलं, "आई, तेव्हा तिकीट मकरंदने बदललं नव्हतं. मी बदललं."

"ठाव हाय."

"कधीपासून?"

"तवापासून. जावई भांडत होता तुझ्याशी. तुमच्या भिंती काय लय जाड होत्या?"

"मग गावात सगळे त्याला का बोलतात?"

"मीच सांगितलं तसं." तिने सूप हलवलं, फोलं उडवलं. "लवकर का आलीस म्हनून सगळी दारात. काय सांगनार होते? पोटच्या पोरीनं हाकलली? जावयाला नाव ठेवलं तर जावई हसून सोडतो. लेकीला ठेवलं तर ती परत येत नाय."

म्हणजे मी ज्या खोट्याआड लपले होते, ते तिनेच माझ्यासाठी उभं केलं होतं. मला वाटत होतं की मी गप्प राहून तिला फसवते आहे.

"आई, मला तेव्हा..." मी सुरुवात केली. ती थांबली, ऐकायला तयार होती. मी तिला रेवाचं सांगितलं, बाकावरचं, पदराचं. जर्मनमध्ये त्या बाईला काय म्हणाले होते तेही सांगितलं. ती ऐकून घेत राहिली. मी रडले, ती रडली नाही. माझ्या पाठीवर हात मात्र ठेवला, सुकटीचाच हात.

"झालं ते झालं, बाय," ती म्हणाली.

मला वाटलं, झालं. मी डोळे पुसले आणि म्हटलं, "मग आता घेऊन जा ना अर्णवला. रिक्षाने जा, दोघंच."

तिने हात काढून घेतला. रागाने नाही. रागाने काढला असता तर मी भांडले असते, पाय धरले असते.

"नको बाय," ती म्हणाली. "पोर तुझं हाय."

ती एकटीच गेली.

उमेळ्यातल्या लोकांनो, मकरंदला आता बोलू नका. एवढं मागण्यासाठी हे लिहिलं. आणि जे माझ्यासारखे गेलेत आणि आईला तीन महिन्यांसाठी बोलावणार आहेत, त्यांना सल्ला द्यायची माझी लायकी नाही. एवढंच सांगते की माणूस माफ करतं, आणि माफ करूनही दूर राहू शकतं, हे मला माहीत नव्हतं. दर दिवाळीत तिकडच्या मराठी मंडळात कोणीतरी घराची आठवण म्हणून डोळे पुसतं. मी पुसत नाही. माझं घर आहे तिथेच आहे, दाराला कुलूप नाही, मी गेले की माणसं उठून जागा देतात. घरच्या माणसाला कोणी उठून जागा देत नाही, हे मला कळतं.

संध्याकाळी आई गिरीजहून परतली. मावशीने पिशवीभर जांभळं दिली होती. दादाची धाकटी रांगत आली, तिला उचलून आईने एक जांभूळ चिमटीत फोडलं, बी काढली आणि गर तिच्या तोंडात घातला. पोरीची हनुवटी जांभळी झाली. रेवा आणि अर्णव तिथेच पायरीवर बसले होते, बघत. आईने पिशवी त्यांच्याकडे नेली नाही. ती माझ्याकडे आली, पिशवी पुढे धरली आणि परक्या बाईशी बोलावं तसं हळू विचारलं,

"पोरांना चालतील ना?"